दुसऱ्या पसंतीचा उमेदवार

ज्या निवडणुकीत आमचे हे उभे राहिले, त्या निवडणुकीत त्यांना स्वतःलाच मत नव्हते. हे सांगितले की लोकांना वाटते मी थट्टा करते आहे. पण विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचा नियमच तसा आहे. मत फक्त पदवीधराला, तेही त्याने अर्ज भरून यादीत नाव घातले असेल तर. उभे राहायला मात्र पदवी लागत नाही. आमच्या घरात पदवी एकच, ती माझी. त्यामुळे पाच जिल्ह्यांच्या त्या मतदारसंघात यांचे हक्काचे म्हणावे असे मत एकच होते, आणि ते धुळ्यातल्या देवपूरच्या एका शाळेतल्या खोलीत मी देणार होते.

यांचे साक्री रोडवर मोटर वायंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती मोटरसायकलला बांधून घेऊन येतात. हे जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरतात आणि वर वॉर्निश चढवतात. शिक्षण बारावी आणि आयटीआय. राजकारणाचा नाद लग्नाआधीपासूनचा. पक्ष एवढा लहान की धुळ्यात त्याचे कार्यालय म्हणजे जिल्हाध्यक्षांच्या घराची पुढची खोली. सभा असली की तिथला दिवाण बाहेर काढत. हे अध्यक्षांना आबा म्हणत आणि त्यांचा शब्द खाली पडू देत नसत.

माझ्या पदवीचे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. माझे माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. लग्न झाले तेव्हा मी बारावी होते, आणि आमच्या गावात मुलीसाठी ते पुष्कळ समजले जाई. पुढे शिकायचे मी तोंडाने कधी बोलले नव्हते. मुक्त विद्यापीठाचा अर्ज यांनीच आणला. रविवारी देवपूरच्या कॉलेजात वर्ग असत. हे मुलीला मांडीवर घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसत आणि मी बाहेर आले की विचारत, आज काय शिकवलं. मला नीट सांगता आले नाही तर रागावत. वर्गातल्या बाया हसत, म्हणत, परीक्षा तुमची आहे की मालकांची? पदवी आली तेव्हा यांनी ती दुकानात नेऊन गिऱ्हाइकांना दाखवली. तिच्या कोपऱ्यावर वॉर्निशच्या बोटाचा ठसा उमटला, तो अजून आहे. मी आज जी काही आहे ती त्या पायरीवर बसलेल्या माणसामुळे, हे मी कुठेही सांगेन.

निवडणूक जवळ आली तेव्हा आबा स्वतः दुकानात आले. पक्षाचे नाव मतपत्रिकेवर दिसले पाहिजे, असे वरून सांगणे होते. पक्षात पदवीधर नव्हते असे नाही. होते ते शहाणे होते. कामधंदा सोडून पाच जिल्हे फिरायला कोणी तयार नव्हते. आबा म्हणाले, तुझ्यासारखा कष्टाळू माणूस दुसरा नाही. मी चहा ठेवत होते. मला त्या कौतुकातले खोटे लगेच कळले. यांना कळले नाही, किंवा कळूनही हवे होते.

या निवडणुकीची मतदारयादी दर वेळी नव्याने होते. जुने नाव चालत नाही. डोंगराकडच्या गावांतल्या पदवीधर पोरांना असे काही मत असते हेच माहीत नव्हते. यांनी दसऱ्यापासून एकच काम धरले. मोटर घेऊन पोरगा आला की पहिला प्रश्न, शिक्षण काय? बी.ए., बी.एस्सी., डी.फार्म. झालेली पोरे बापाची जळकी मोटर घेऊन यायची. डी.फार्म. चालत नाही म्हटले की हिरमुसायची. बाकीच्यांपुढे हे अर्ज टाकायचे. "आधी सही, मग मोटर," असे म्हणायचे, आणि पोरे हसत सही करायची. गुणपत्रिकेच्या झेरॉक्स काढायच्या, साक्षांकित करून घ्यायच्या, तहसीलला नेऊन द्यायच्या. दुपारच्या जेवणाला हे घरी येईनात. मी डबा घेऊन दुकानात जाई आणि अर्जांवरची खाडाखोड सुधारत बसे. तेवढे माझ्या शिक्षणाला जमत होते.

एकदा मी विचारले, निवडून यायचं वाटतं का खरंच?

"नाही गं," ते म्हणाले. "येत नसतो मी. आपण ज्यांची नावं घातली, त्यांनी आपल्यापुढं एक लिहावा. बस. तेवढं बघायचंय मला."

एक लिहावा म्हणजे काय, ते सांगते. या निवडणुकीत यंत्र नसते, चिन्हही नसते. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे असतात आणि नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा असतो. पहिली पसंती एक, मग हवे असेल तर दोन, तीन. ही सोय कोणी केली ते मला ठाऊक नाही, पण माणसाला तोंडावर नाही न म्हणता नाही म्हणायची इतकी चांगली सोय मी दुसरी पाहिलेली नाही.

कारण प्रचार सुरू झाला आणि जो तो यांना दुसरी पसंती देऊ लागला. पिंपळनेरच्या बाजारात देत, शिरपूरच्या कॉलेजात देत. थंडीचे दिवस, जळगावकडे भरताच्या पार्ट्यांचा हंगाम. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने एका मळ्यात पदवीधरांना वांग्याचे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ठेवली होती. हे तिथेही पत्रके घेऊन गेले. लोकांनी यांना आग्रहाने पंगतीत बसवले, पत्रके घेतली आणि हात धुता धुता एक जण म्हणाला, "भाऊ, दुसरं मत बठ्ठासनं तुम्हलेच शे. पहिलं तेवढं मांगू नका." दुसरे मत सगळ्यांचे यांनाच होते म्हणे; सगळे हसले. हे पण हसले. घरी येऊन मला सांगतानाही हसत होते. जेवायला बसले नाहीत, पोट भरले आहे म्हणाले.

जळगावातच एकदा वकिलांपुढे बोलायला गेले होते. मी बरोबर होते. यांचे भाषण लांबते, ते कोणाचे ऐकून थांबत नाहीत, हा दोष मी मान्य करते. पण त्या दिवशी भाषण सुरूच झाले नव्हते. पुढच्या खुर्चीवरच्या वकिलांनी अगदी गोड आवाजात विचारले, "आपलं शिक्षण?"

यांनी बारावी, आयटीआय सांगितले.

"मग पदवीधरांचे प्रश्न आपल्याला कसे कळणार?"

मोटर घेऊन येणाऱ्या पोरांचे सांगायला हवे होते. यांना ते सुचले नाही. उभ्या उभ्या माझ्याकडे बोट केले आणि म्हणाले, "माझी बायको बी.ए. आहे."

जे हसू उठले ते मी विसरणार नाही. मीही पदर सावरत खाली पाहिले. परतीला एस.टी. पकडली. पारोळा गेल्यावर हे म्हणाले, "खोटं तर नव्हतं बोललो."

माझा धाकटा भाऊ आमच्याकडे राहून शिकला. बी.एस्सी., एम.एस्सी., बी.एड. त्याच्या कॉलेजात पालक म्हणून यांचीच सही असे. तो तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित संस्थेत शिकवत होता, आज ना उद्या मान्यता मिळेल या आशेवर. त्याचा अर्जही यांनीच भरला होता. मतदानाआधीच्या रविवारी तो आला. जेवण झाले, सुपारी कातरता कातरता म्हणाला, "दाजी, आमच्या संस्थेत सगळ्यांना सांगितलंय पहिलं मत कुणाला ते. दुसरी पसंती मात्र तुमची. पक्की."

हे म्हणाले, "बरं."

मला राहवले नाही. मी म्हटले, मत गुप्त असतं ना रे?

"अक्का, गुप्त असतं हे तुला माहीत. संस्थेला माहीत नाही."

"तू सांगू नकोस म्हणजे झालं."

त्याने सुपारी तोंडात टाकली आणि मुलीला हाक मारून तिचे पुस्तक बघू लागला. भीती मला कळते. नोकरीची भीती तर फारच कळते. पण त्याला खोटेही बोलता आले असते. "दाजी, पहिलं तुम्हालाच," एवढे म्हणून मत हवे तिकडे टाकता आले असते. ज्या घरात वाढला त्या घरात तेवढ्या खोट्याचीही त्याला गरज वाटली नाही, हे मला लागले.

मतदानाला दोन दिवस राहिले आणि पक्षाचा निरोप माझ्या फोनवर आला. हे साक्रीकडे होते, मी आधी वाचला. पक्षाने त्या मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला होता. अर्ज मागे घ्यायची मुदत केव्हाच संपली होती, म्हणजे यांचे नाव मतपत्रिकेवर राहणार होते. म्हणून खाली सूचना होती: कार्यकर्त्यांनी पहिली पसंती मित्रपक्षाच्या उमेदवाराला आणि दुसरी पसंती आपल्या उमेदवाराला द्यावी.

संध्याकाळी हे आले. मी फोन पुढे केला. त्यांनी उभ्यानेच वाचले आणि आबांना फोन लावला. आबांचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता. ते रागावलेले नव्हते, समजूत काढत होते. "अरे, दुसरी तर तुलाच ठेवली ना? अजून काय पाहिजे तुला?"

यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी गाडीवर पत्रके बांधून पुन्हा निघाले. मी अडवले नाही. अडवायला हवे होते, असे आजही वाटत नाही.

मतदानाच्या दिवशी हे शाळेच्या फाटकाबाहेर, नियमाने सोडायचे अंतर सोडून, लिंबाखाली उभे होते. उमेदवार होते, त्यांना आत येता आले असते. आले नाहीत. मी रांगेत होते. यांनी नावे घातलेली तीन-चार पोरे माझ्या पुढे होती. त्यांनी मला वहिनी म्हणून नमस्कार केला आणि मग पुढेच बघत राहिली. आत जांभळ्या शाईचे पेन देतात, तेच वापरायचे. मी यांच्या नावापुढे मराठी एक काढला, शाळेत शिकवला तसा, लांब शेपटीचा. दोन कोणापुढे काढला नाही. बाहेर आले तर हे म्हणाले, "नीट लिहिलंस ना? बरोबरची खूण केली तर बाद होतं." मी म्हटले, बी.ए. आहे मी. त्या दिवसातले तेवढेच एक हसणे.

मोजणी नाशिकला. सगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळतात, त्यामुळे कोणत्या गावाने काय केले ते कधीच कळत नाही. पहिल्या पसंतीत कोणी ठरावीक मतांपर्यंत पोचला नाही की तळाचे उमेदवार एकेक करून बाद करतात आणि त्यांच्या कागदांवर पुढची पसंती कोणाला आहे ते बघून ते कागद त्याला देतात. हे लवकर बाद झाले. मग त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा गठ्ठा वाटला गेला. बराचसा मोठ्या उमेदवाराकडे गेला. तोच पुढे निवडून आला. ज्यांवर पुढे काहीच लिहिलेले नव्हते ते कागद वेगळे ठेवले.

घरी आल्यावर यांनी पाय धुतले आणि मला विचारले, "तू मराठी आकडा काढला होतास का?"

"हो."

"शेपटी लांब? पुढं काही नाही?"

"पुढं काय लिहू?"

"मोजणीच्या टेबलापुढच्या जाळीतून दिसला मला. वेगळा ठेवला त्यांनी," ते म्हणाले. तो माझाच होता की दुसऱ्या कोणाचा, देव जाणे. मी त्यांना तसे म्हटले नाही.

मग त्यांनी मला समजावून सांगितले, जसे मी कधी त्यांना धडे सांगत असे. मोठ्या उमेदवाराला ज्यांनी एक दिला, त्यांच्या कागदावरचा दोन बघायची वेळ आलीच नाही. आली असती तरी हे केव्हाच बाद झालेले. म्हणजे बाजारात, मळ्यात, आमच्या जेवणाच्या ताटावर जी पसंती यांना मिळाली, ती कोणी दिली की नाही दिली, हे जगात कोणालाच कळणार नाही. देणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होते का, मला सांगता येत नाही. शिकलेली माणसे होती, ठाऊक असेलच.

निवडून आलेल्याची सहा वर्षांची मुदत संपत आली आणि पुन्हा मतदारनोंदणी लागली, त्याला आता फार दिवस झाले नाहीत. भावाला मधल्या काळात मान्यता मिळाली आहे. त्याचे मी वाईट चिंतत नाही. तो घरी आला तो संस्थेकडून अर्ज घेऊनच. नातेवाइकांचेही गोळा करायला सांगितले होते. जेवताना भाकरी मोडत म्हणाला, "दाजी, मागच्या वेळी दुसरं तुम्हालाच दिलं होतं बरं का मी."

"माहीत आहे," हे म्हणाले, आणि त्याच्या ताटात भरीत वाढले.

जाताना भावाने माझा अर्ज मागितला. मी भरून ठेवला नाही म्हटले. तो गेल्यावर यांनी दुकानातल्या खणातून दुसरा कोरा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला. मी म्हटले, नको मला ते मत. तुम्ही तर उभे नाही. आता एक लिहू कुणापुढं?

त्यांनी खिशातले पेन काढून अर्जावर ठेवले. मग म्हणाले, "पदवी तुझी आहे. सही कर." मी सही केली, आणि यांनी तो अर्ज स्वतः तहसीलला नेऊन दिला.

दुकानात अजून पोरे येतात. मी डबा घेऊन जाते तेव्हा हे गुडघ्यात मोटर धरून तार उपसत असतात आणि मान वर न करता विचारतात, शिक्षण काय? पोरगा सांगतो. हे खणाकडे हात दाखवतात. मी डबा ठेवते आणि निघते. पूर्वी अर्जातली खाडाखोड सुधारायला बसत असे, आता बसत नाही.