जोडप्यानंच बसायचं

"जोडप्यानंच बसायचं, ताई. तुम्ही मागं बसा."

शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत, संस्थाचालकाच्या बायकोनं मला पाटावरून उठवलं. मातृपितृपूजन होतं. पोरांनी आईबापाचे पाय परातीत धुवायचे, हळदकुंकू लावायचं, ओवाळायचं. चिठ्ठीत लिहिलं होतं, पालकांनी यावं. मी पालक. वाळूजच्या कंपनीत पॅकिंगच्या लाईनला उभी राहते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. माझी लेक सम्यका, तिसरीतली, समोर तांब्या घेऊन बसली होती.

मी उठले. हे सांगायला अजून जीभ जड होते. पण उठले.

बाईनं माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं. आडनाव विचारलं. मग हळूच म्हणली, "तसं तुमच्यात हे नसतंच म्हणा."

आणि तिला काय सुचलं, माइकवर गेली. "या मुलीला वडील नाहीत. पण आमचे साहेब आहेत ना!"

टाळ्या पडल्या.

सम्यकाला बाप हाय. गंगापूरला. दारू नाय, काय नाय, शुद्धीत मारायचा. ती दीड वर्षाची असताना त्यानं तिच्या पाळण्याला लाथ घातली. त्याच दिवशी तिला कडेवर घेऊन मी एसटीत बसले. नंतरचे ताप, लसी, पडलेले दात, सगळं एकटीनं बघितलं. ती वाचायला शिकली क्रांती चौकातल्या दुकानांच्या पाट्यांवर. सिटीबसच्या खिडकीला नाक लावून, एकेक अक्षर जोडत. पहिली पूर्ण पाटी वाचली तेव्हा बसमध्ये मी एकटीच हसत होते. ते सुखबी कुणाबरोबर वाटून घ्यावं लागलं नाय.

आणि आता ती त्या संस्थाचालकाचे, परक्या माणसाचे पाय धुवत होती. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. नडगीवर मोज्याची लाल खूण. तिनं एकदा वळून माझ्याकडं बघितलं.

मी मान खाली घातली.

माझा बाप पाचोडला गवंड्याच्या हाताखाली राबला. पायात चपला घालून वरच्या आळीतून गेला म्हणून मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्याच चपला घालून परत त्याच आळीतून गेला. त्याची लेक मी. चौथ्या रांगेत बसून राहिले.

घरी जाताना रिक्षात सम्यका म्हणली, "मम्मी, त्या काकांचे पाय लई गार होते."

एवढंच. रडली नाय.

ते वाक्य वर्षभर माझ्या मागं लागलं. लाईनवर खोकी चिकटवताना ती नडगी दिसायची. परातीत पाणी पडलं की अंगावर काटा यायचा. सम्यका हात धुवायला बसली की उठायचीच नाय, बोटं पांढरी पडेस्तोवर. मी नळ बंद करायचे. ती माझ्याकडं बघायची. मला त्या नजरेत मीच दिसायचे, पाटावरून उठताना.

यंदा पूजनाची चिठ्ठी परत आली. मी मुख्याध्यापिकेकडं गेले.

"माझी लेक कुणाचे पाय धुणार नाय."

"अहो, यंदा तुमचेच धुऊ दे. मी साहेबांची परवानगी काढते."

"माझेबी नाय."

"मग त्या दिवशी घरी ठेवा तिला."

"घरी का? शाळेचा दिवस हाय. खुर्चीवर बसंल."

कार्यक्रमाच्या दिवशी बसलो. पहिल्या रांगेत, दोघी, पायात चपला-बूट घालून. संस्थाचालकाची बायको आली. "उठा. हा कार्यक्रमाचा अपमान आहे."

सम्यकानं बूट खुर्चीखाली ओढून घेतले. वाटलं, हिला उचलावं आणि निघून जावं.

"नाय उठत," मी म्हणलं. "मी तिची पालक हाय. मागच्या साली तुमच्या साहेबांनी हिच्याकडून पाय धुवून घेतले. हिला विचारलं होतं का?"

साहेब भिंतीकडं बघत राहिले. टाळी कुणी वाजवली नाय. पालकांच्या ग्रुपवर दुपारीच कुणीतरी लिहिलं, संस्कारच नसले की असं होतं. गॅदरिंगच्या नाचातून सम्यकाचं नाव कमी झालं. मैत्रीण डबा घेऊन दुसऱ्या बाकावर गेली.

हात ती अजूनबी लई वेळ धुते. एकदा मी तिच्याजवळ उकिडवी बसले. म्हणलं, "मागच्या साली मम्मी चुकली."

ती नळाकडंच बघत म्हणली, "माहितीय."

मुख्याध्यापिकेनं परवा बोलावलं. "दुसरी शाळा बघा. मुलीच्याच भल्यासाठी सांगते."

मी म्हणलं, "नाय बघणार."

दाखला काढणार नाय. सम्यका दहावीपर्यंत हितंच शिकणार. पालकसभा असंल तेव्हा मी रजा टाकून येणार, पुढं बसणार. आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही एकच होणार. माझी.