चार्ज दिला, चार्ज घेतला

आमच्या घरात 'चार्ज' हा शब्द अगदी रोजचा. नोकऱ्या सरकारी, बदल्या ठरलेल्या. जाणारा चार्ज देतो, येणारा घेतो आणि देणारा मोकळा होतो. त्याच सवयीनं, ताई आईला इंदूरला न्यायला आली तेव्हा औषधांची पिशवी तिच्या हातात देत मी म्हणालो, "घे बाई चार्ज. मी सुटलो!" ताई हसली. आईही हसली. पण त्यानंतर आई माझ्याकडे, अवधपुरीच्या घरी आलीच नाही. फोनवर एवढंच, "इथं बरंय मला."

परवा आनंद नगरला स्कूटर चार्जिंगला लावून उभा होतो. सहज मनात आलं, बॅटरीचा चार्ज, दवाखान्याचे चार्जेस, चार्जशीट, आमचा देण्याघेण्याचा चार्ज, हे सगळं एकाच शब्दात कसं मावतं? मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि उडालोच! मूळ लॅटिनमधलं, अर्थ गाडी. आपली 'कार' त्यातलीच, 'कार्गो'सुद्धा! चार्ज म्हणजे मुळात गाडीवर माल लादणं. मग बंदुकीत दारू भरली, तो चार्ज. बॅटरीत वीज भरली, तोही. माणसावर काम लादलं, आरोप लादला, खर्च लादला, सगळे चार्जच! व्यंगचित्राला कॅरिकेचर म्हणतात ना, तेही याच घरातलं, चेहऱ्यावर जरा जास्तच माल चढवलेलं. लाठीचार्जचं मात्र मला नीट जुळवता येईना.

असलं काही सापडलं की कधी एकदा आईला सांगतो असं मला होतं. शब्दकोडी सोडवायची सवय तिचीच. घाईघाईनं फोन लावला.

"आई, चार्ज म्हणजे मुळात काय, ओळख बघू!"

"ओझं," ती म्हणाली.

"अगं, बरोबर! तुला कसं माहीत?"

"ताईला पिशवी दिलीस ना, तेव्हाच कळलं."

गंमत केली होती गं, असं म्हणून सुटता आलं असतं. इतके महिने स्वतःला तेच सांगत होतो.

"गंमत नव्हती ती, आई," मी म्हणालो. "खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं. मग त्याची लाज वाटली, आणि लाजेपायी तुला 'ये' म्हणालोच नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मलाही सुटल्यासारखंच झालं होतं," आई म्हणाली. "देवळातून आले की तू ऑफिसातून येईपर्यंत शेजारणीकडे बसायचं. घराची चाबी मागितली तर तू म्हणे, हरवशील!"

मी म्हणालो होतोच तसं.

"आता ये ना, आई."

"येईन. पण माझा चार्ज-बिर्ज कोणी घ्यायचा नाही. आणि आधी चाबी करून ठेव. माझी, वेगळी."

बॅटरी निम्मीही भरली नव्हती. प्लग उपटला आणि तसाच अशोका गार्डनला सुटलो. तिथला चाबीवाला दुकान आवरायच्या आत गाठायचा होता.