आईसमोर फोन करू नये

पुण्यातल्या कंपनीत मी अकरा वर्षं सॉफ्टवेअर केलं. तिथली आमची पद्धत अशी, की ग्राहकाला काय हवं ते आधी सगळं लिहून घ्यायचं, त्यावर त्याची सही घ्यायची, मग आराखडा, मग बांधणी, मग तपासणी, आणि शेवटी एकदाच सगळं त्याच्या हवाली करायचं. याला वॉटरफॉल म्हणत. पाणी खालच्या पायरीवर आलं की परत वर चढत नाही, तसं. दुसरी पद्धत अजाइल. त्यात थोडंसं करून द्यायचं, लोकांना वापरू द्यायचं, चुकलं ते सुधारायचं आणि मग पुढचं थोडंसं. ही पद्धत मला आधी विचार न करणाऱ्या माणसांची वाटायची, आणि मी तसं बोलूनही दाखवत असे.

नोकरी सोडून भंडारा जिल्ह्यात, माझ्या गावी लाखांदूरला परत आलो तेव्हा गावात रक्तदात्यांची एक वही होती. ती एक निवृत्त गुरुजी सांभाळत. कुणाला रक्त लागलं की माणसं त्यांच्याकडे येत, ते वही उघडून दोन-चार फोन करत आणि दाता एसटीने भंडाऱ्याच्या रक्तपेढीत जाऊन येई. मी म्हटलं, याचं सॉफ्टवेअर करून देतो.

काय काय हवं ते गुरुजींना विचारलं. नाव, रक्तगट, गाव, फोन नंबर, मागचं रक्तदान कधीचं, असं त्यांनी सांगितलं. मी चाळीस पानं लिहिली. गुरुजींनी प्रत्येक पानावर शाईच्या पेनाने सही केली.

"वाचलंत ना?" मी विचारलं.

"तुमी लिहिलं मंजे बरोबरच असन. पन बाबू, पहिले चार नावं टाकून दाखवा ना. शितावरून भात समजते."

"अर्धकच्चा भात कुणी वाढतं का, गुरुजी?" मी म्हणालो. या उत्तरावर मी तेव्हा खूश होतो. आज आठवलं की लाज वाटते.

आठ महिन्यांनी सॉफ्टवेअर दिलं. देखणं होतं. रक्तदानाची नोंद केली की, अगदी वहीतलं जुनं रक्तदान भरलं तरी, दात्याच्या नंबरावर आपोआप आभाराचा मेसेज जायचा. तो कुणी मागितला नव्हता. माझीच हौस.

दोन-तीन आठवड्यांत दाते एकेक करून "जमत नाही" म्हणू लागले. कारण कळायला वेळ लागला. तेव्हा बहुतेक घरांत एकच फोन असे आणि पोरगा बाहेर गेला की तो आईजवळ राही. मेसेज आला की शाळेत जाणारी बहीण तो मोठ्याने वाचून दाखवी. पोरं रक्त देत होती ती आईपासून लपवून. अंगातलं रक्त गेलं की भरून येत नाही, ही कितीतरी आयांची पक्की समजूत. माझ्या आभारांनी घरोघर भांडणं लावली.

गुरुजींनी जुनी वही माझ्यापुढे उघडली. नावांच्या बाजूला समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आईसमोर फोन करू नये.' 'पानठेल्यावर निरोप ठेवणे.' 'आई बाजारात गेल्यावर.'

"हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? आन् हे बी सांगाचं असते, हे मले तरी कुठं मालूम होतं?"

माझी चिडचिड झाली, पण माणूस खरं बोलत होता. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनाही काम बिघडल्यावरच दिसलं. चाळीस पानांत ते कधीच आलं नसतं.

मग आमच्या गल्लीतली एक बाई आली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. महिन्या-दीड महिन्याने तिला रक्त चढवावं लागे. गट ओ निगेटिव्ह. आमच्या आसपास या गटाचे तीनच दाते आणि ते पाळीपाळीने जात. या वेळी पाळी कोंढा गावातल्या एका पोराची, आणि त्याच्या आईने त्याला शपथ घातली होती.

"भाऊ, तुमच्या मेसेजनं माया पोरीले रक्त देनारा मानूस तोडला. आता कोनाले नेऊ मी?"

मी घाबरलो. कंपनीत माझ्या चुकीने फार तर मीटिंग लांबत असे.

मेसेज मी तेव्हाच बंद केला. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या ओसरीवर बसून एकच पान तयार केलं: नाव, गाव, गट, फोन आणि त्यांच्या समासातल्या नोंदींसाठी एक रकाना. गुरुजी म्हणाले, अक्षर मोठं करा. केलं. गाव आधी, नाव नंतर पाहिजे. तेही केलं. जे आठ महिन्यांत जमलं नाही ते दोन दिवसांत कामाला लागलं. पण कोंढ्याचं पोरगं काही फोन उचलेना. शेवटी गुरुजी आणि मी एसटीने त्याच्या घरी गेलो.

त्याची आई अंगणात तांदूळ पाखडत होती. गुरुजींचं सगळं ऐकून घेईपर्यंत तिचं सूप थांबलं नाही.

"रक्ताचं काही नाही, गुरुजी. मागच्या हंगामात हा धानाच्या बांधीत चक्कर येऊन पडला. याले कोनता रोग लागला मनून मी दवाखाने केले, उपास केले. आन् हा तवा रक्त देऊन आला होता, हे तुमच्या मेसेजनं समजलं! मले समजू नये मनून त्याच दिवशी धान कापाले गेला. मले मालूम असतं तं वावरात धाडलं असतं का मी?"

मग तिने अट घातली: मेसेज पाहिजे, पण पोराला नाही, मला. आणि एक दिवस आधी.

मी तिथेच खाटेवर लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने तिच्या फोनवर मेसेज वाजला. धाकट्या मुलीने वाचला: 'उद्या तुमचा मुलगा रक्त द्यायला जाणार आहे. दोन दिवस शेतात पाठवू नका.'

"तीन करा," ती म्हणाली.

डॉक्टर इतके दिवस सांगत नाहीत. मी तीन केले.

त्याच आठवड्यात ती पोराबरोबर भंडाऱ्याला आली आणि रक्त देऊन होईपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहिली. मुलीला रक्त मिळालं. परत येताना बसस्टँडवर मी तिला म्हणालो, "मावशी, हे आधी कळलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते."

"मी तं घरीच होती, बाबू," ती म्हणाली. "मले इचाराले कोनी आलंच नाही."