नवरदेवाच्या गाडीचा आरसा

आमच्या गाडीचा डावा आरसा आमच्याच गोऱ्ह्यानं फोडला. गाडी धुऊन गोठ्याजवळ लावली होती. त्याला आरशात दुसरा गोऱ्हा दिसला आणि त्यानं त्या दुसऱ्याला शिंग हाणलं. आरसा मुळापासून तुटून पडला.

एरवी आम्ही हसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी ती गाडी पुसेगावला नवरदेवाची गाडी म्हणून जाणार होती. बाबांनी त्या गाडीतून आजवर दवाखान्याची माणसं नेली, बाजारची माणसं नेली. नवरदेव बसवायचा मान पहिल्यांदाच मिळाला होता.

"फुटक्या आरशाची गाडी लग्नात न्यायची न्हाई," बाबा म्हणाले. "नवरदेवाच्या माणसायला सांगून देतो, दुसरी पाहा म्हणून."

म्हणाले खरं, पण फोनला काही हात लावला नाही.

"आवो, हिंगोलीला जाऊन जुना आरसा आणू की," माय म्हणाली आणि स्वतःच गाडीत बसली. आरसा घ्यायचा तर बाईमाणूस पाहिजे, असं तिचं म्हणणं. मला घेतलं ते हिंदी बोलायला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बँकेपासून मिक्सरपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. रस्ताभर मी मनात एकच हिंदी वाक्य घोकत होते.

जुन्या पार्टच्या दुकानात तारेवर आरसेच आरसे टांगलेले होते आणि वाऱ्यानं हलत होते. एकात मायचं कपाळ, एकात बाबांची टोपी, एकात माझं उघडं तोंड. माय आपली प्रत्येक आरशासमोर पदर सावरत होती. मला हसू आवरेना आणि त्यातच ते वाक्य बोलायची वेळ आली.

"भैया, हमारे गाडी का... बाजूवाला... दर्पण चाहिए."

दुकानदारानं तारेकडे बोट दाखवलं. "ताई, मराठीत बोला. मी बी इथलाच. दर्पण संपले, आरसे हायेत."

त्यानं तारेवरून आमच्या गाडीसारखा एक आरसा काढून दिला. मायनं तो पदरानं पुसला, उन्हात नेला आणि तोंड पाहिलं. आमच्याकडे बाजारात आरसा असाच घेतात.

"हा नको. तोंड केवढुसं दिसून राहिलं."

बाबांनीही पाहिलं. "व्हय की. खोटा हाय."

दुसरा आरसा तसाच. तिसराही तसाच.

"मावशी, यात टिकली न्हाई लावायची," दुकानदार म्हणाला. "मागच्या गाड्या पाहायच्यात."

"मंग गाडी बी केवढुशीच दिसंल की!"

बाबांना ते पटलं. दुकानदारानं कपाळावर हात मारला.

मला वाटलं, आपण बोलावं का? मग बोललेच. "बाबा, गाडीत बसून बघता का?"

बाबा स्टिअरिंगवर बसले. दुकानदारानं डाव्या खिडकीबाहेर आरसा धरला. माय गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"दिसते का मी?"

"दिसतीस! शेळ्या दिसून राहिल्या, चहाची टपरी दिसून राहिली. आगं, सगळा रस्ताच आलाय यात!"

माय आणखी मागे गेली. "आता?"

"दिसतीस!"

ती पार टपरीपाशी पोचली आणि तिथून हात हलवायला लागली. "आता वो?"

"आता बी!"

टपरीवरची माणसंही कप धरून हात हलवायला लागली. दुकानदार इतका हसला की त्याच्या हातातला आरसा हलायला लागला. "हलवू नको," बाबा ओरडले, "बायको हलून राहिली!"

पण नीट बसणारा आरसा एकच निघाला आणि त्याची पाठ लालभडक. आमची गाडी पांढरी. रंगवणाऱ्यानं उद्या संध्याकाळी या म्हणून सांगितलं. बाबांचं हसणं तिथंच थांबलं.

"एक कान पांढरा, एक लाल. वऱ्हाड हसंल."

शेवटी तोच लाल आरसा बसवून आम्ही घरी आलो.

सकाळी माय गाडी पुजायला हळद-कुंकू घेऊन आली. बोनेटला बोटं लावली, चाकांना लावली. मग उजव्या आरशापाशी थांबली आणि त्याची पांढरी पाठ ओल्या हळदीनं लिंपूनच टाकली. बाबा धावत आले.

"आगं, काय करून राहिली?"

"हिकडं हळद, तिकडं कुंकू. आता कोण हसतंय?"

पुढं काय होतं ते बघायचंच होतं, म्हणून मीही गाडीत बसले. पुसेगावला नवरदेवाच्या आत्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. बाबांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"काहून वो, एक लाल अन् एक पिवळा?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. ते माझ्याकडे बघायला लागले.

"हळद-कुंकू हाय, आत्या," मी म्हणाले. "नवरदेव बसणार म्हणून मायनं..."

आत्यानं पिवळ्या आरशावर बोट ओढलं, हळद खरी आहे का ते निरखलं आणि तेच बोट नवरदेवाच्या गालावर पुसलं.

"बस रे पोरा. गाडीला बी हळद लागली!"

नवरदेव बसला. बँड सुरू झाला. रस्त्यात पुढे कुणीही नव्हतं, तरी बाबांनी हॉर्न वाजवला, आणि वाजवतच राहिले.