पाणबुड्याच्या नळीला तेल

एका माणसाच्या श्वासाच्या नळीला मी करडीचं तेल लावलं होतं, एवढी मी हुशार!

पोखर्णीला आमचं पंपाच्या सामानाचं दुकान होतं. मागच्या विहिरीत पाइपाच्या तळाशी असतो तो फुटव्हॉल्व अडकला होता, तो काढायला एक पाणबुड्या आला. नाव मी विचारलंच नाही. वर कॉम्प्रेसर, तिथून त्याच्या तोंडापर्यंत रबरी नळी. तिच्या तोंडाकडच्या जोडात घालायला त्यानं आमच्या डब्यातलं एकेक पितळी निपल फुंकलं, कानाशी धरलं, धोतराला पुसून परत ठेवलं. शेवटी सगळ्यांत जाड निवडलं. ते नळीत जाईना. तो कॉम्प्रेसरकडं वळला, तशी मी तेलाचं बोट फिरवलं आणि सुळ्ळकन बसवून दिलं.

"बगा, जमलं की!" मी म्हणाले.

तो पाण्यात उतरला आणि मला घाम फुटला. सहज गेलेलं सहजच निघणार ना! त्यानं इतकं फुंकून बघून सगळ्यांत जाडच का घेतलं, ते मला काठावर कळलं. बुडबुडे मोजत उभी होते. ते एकदम थांबले. 

मग तो वर आला. एका हातात नळी, दुसऱ्यात निपल. पायरीवर बसून पोट धरून खोकला. निपल माझ्या हातावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "वैनी, तेल दिवाळीत जावयाला लावा. मला खाली हवा लागती."