नाल्याचं पाणी मागणाऱ्या बाई

बाई ऑटो मध्येच थांबवायला लावायच्या, नाल्याच्या कठड्याशी वाकून पाणी निरखायच्या आणि खुशीत परत येऊन बसायच्या. "काय सुंदर घाण आहे!" ऑटोवाला माझ्याकडे बघायचा. मी तोंड फिरवायचो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं नळ-पाइपांचं दुकान आहे. सायकलच्या कॅरियरवर पाइप बांधून धंदा सुरू केला, त्यामुळे समोरच्याचा पहिला भाव मान्य करणं मला जमत नाही. पाय चिघळला तेव्हा सर्जनशीही मी घासाघीस केली. त्यानं रिपोर्ट पुढे केला. औषधांची लांबलचक यादी, आणि प्रत्येकापुढे इंग्रजी आर. म्हणजे हे औषध जंतूला मारत नाही. "गुडघ्याखाली कापावा लागेल," तो म्हणाला. "त्याआधी एकदा बाईंना भेटा."

बाई गोरखी मोहल्ल्यात राहायच्या. कॉलेजात जंतुशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या, तरी रोज सकाळी तिथल्या प्रयोगशाळेत जायच्या. जंतूंना मारणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं. प्रत्येक फाजचा जंतू ठरलेला. माझ्या जंतूचा फाज शोधायचा, तर सांडपाणी हवं.

"दहा वेगवेगळ्या नाल्यांचं पाणी आणा."

"पाचांत भागवा ना, बाई."

"दहा."

"चला, सात."

"अहो शेठ, भिंडी घेताय का? पाय तुमचा आहे!"

पाय ठणकत होता. हरिशंकरपुरमच्या मागे एका नाल्यावर मी ऑटो थांबवला, दहाही बाटल्या तिथेच भरल्या आणि त्यांवर दहा मोहल्ल्यांची नावं चिकटवली. घाण ती घाण, असं वाटलं.

चार दिवसांनी बाईंनी दहा तबकड्या माझ्यापुढे मांडल्या. प्रत्येकीत माझ्या जंतूची दुधी साय धरली होती. फाज जंतूंना मारतो तिथे सायीत स्वच्छ ठिपका पडतो. इथे दहाही तबकड्यांवर तेच ते पुसट, निकामी ठिपके. बाईंनी चष्मा वर केला. "पुऱ्या ग्वाल्हेरात एकच नाला वाहतो का, शेठ?"

"तुमचंच काहीतरी चुकलं असेल!" मी ओरडलो.

बाई उठल्या. पिशवीत रिकाम्या बाटल्या भरून ऑटोत बसल्या, आणि मला शेजारी बसवलं. दोन दिवस आम्ही फिरलो. सातव्या नाल्याच्या तबकडीवर ठिपके अगदी लख्ख पडले. पुढे तो फाज शुद्ध करणं, रुग्णालयाच्या समितीची परवानगी. तोवर सर्जननं माझ्या पायाची दोन बोटं काढली होती. मग जखमेवर फाजचे थेंब सुरू झाले, बरोबर इंजेक्शनंही. पाय राहिला.

बाजारात मात्र मी सांगत सुटलो, की बाईंनी उशीर केला म्हणून बोटं गेली. हे त्यांच्या कानावर गेलंच. तरी पट्टी बदलायच्या दिवशी त्या यायच्या, वाकून बघायच्या, म्हणायच्या, "छान लाल दिसतंय." याचा मला आजही राग आहे. एकदा तरी त्यांनी चारचौघांत माझी चोरी उघडी पाडायची होती. भांडण झालं असतं, तर मिटवताही आलं असतं.

काही वर्षांनी कबुली द्यायला गेलो, तोवर बाईंच्या दाराला कुलूप होतं. बाईंना मुलानं पुण्याला नेलं आणि त्या तिथेच वारल्या, असं शेजारणीनं सांगितलं. मग माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "म्हणजे तुम्ही ते नळवाले शेठ! बाई किती सांगायच्या तुमचं. म्हणायच्या, एवढा पाय दुखत होता, तरी शेठ माझ्याबरोबर नाले-नाले फिरले, म्हणून फाज सापडला."

मी जिन्यावर बसलो आणि तिला दहा बाटल्यांचं सगळं सांगितलं. बाजारात काय बोललो तेही.

"शरम नाही वाटली?" ती भडकली. "त्या वयात बाईंना नाल्यावर पाठवलंत, आणि वर बदनामी?"

तिनं मला चांगलं झापलं. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. हेच ऐकायला इतकी वर्षं थांबलो होतो, फक्त आवाज बाईंचा हवा होता.