जमनी काकी काय म्हणाली

कळंब तालुक्यातल्या आठ-दहा गावांत राखी आडे कुठे राहते म्हणून विचाराल, तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. कापूसवाली ताई म्हणा, की लगेच कुणीतरी हात करून सांगेल, आत्ताच तर गेली इकडून, पांढरा दुपट्टा बांधून, स्कूटीवर. पाठीवर बॅग, बॅगेत शेतकरी गटांची रजिस्टरं. बोलायला अशी फटकळ, की तोंडाला फडकं न बांधता फवारणी करणाऱ्या बाप्याला ती भर चौकात झापते आणि तो बिचारा मुकाट ऐकून घेतो. तांड्यावर वाढलेली पोर, बारावी पास. नवरा सुनील कळंबला मोटारी दुरुस्त करतो. हिची नोकरी एका संस्थेत, करार दर वर्षी नवा. तिला त्या नोकरीचा अभिमान होता, आणि का नसावा? तिच्या तांड्यातल्या किती पोरींच्या हाती रजिस्टर आलं?

तर या बाईला आता सकाळी वेणी घालताना आरशात स्वतःकडे धड बघवत नाही. असं कशाने झालं, ते ऐका.

संस्थेचं काम सरळ होतं. गावातल्या शेतकऱ्यांचे गट करायचे, खत-औषध बेताने वापरायला शिकवायचं आणि सगळी माहिती लिहून ठेवायची. त्या गटांचा कापूस जिनिंगमध्ये जायचा, तिथून सूतगिरणीत, आणि कुठे कुठे फिरत शेवटी परदेशातल्या एका बड्या कपड्याच्या कंपनीकडे. रजिस्टरातलं शेवटून दुसरं पान होतं सक्तीच्या मजुरीचं. त्याचा अर्थ राखीला तिच्या वरच्या साहेबाने, धम्मदीपने, नीट समजावून दिला होता. आपल्या मालामागे कुणाला जबरदस्तीने राबवत नाहीत ना, हे कंपनीने शोधलं का, कसं शोधलं, काय सापडलं, हे तिकडच्या कायद्याप्रमाणे तिला दर वर्षी जाहीर करावं लागतं. काही शोधलं नसेल तर तेही लिहावं लागतं, सगळ्या जगाला दिसेल असं. धम्मदीप तळमळीचा माणूस. तो म्हणाला होता, की ताई, एवढी मोठी कंपनी, पण इथे यवतमाळात तिच्यासाठी बघणार तुम्हीच.

काय बघायचं तेही राखीला तोंडपाठ होतं. मालकाने माणसाची कागदपत्रं अडकवून ठेवलीत का, काम सोडून जाऊ देत नाही का, एकाच्या मजुरीत त्याच्या बायकोलाही राबवून घेतो का. हे ती गावोगाव चित्रं दाखवून सांगायची. आणि पान भरायची वेळ आली की घरी चहा पीत पहिल्या नावापुढे 'नाही' लिहायची आणि खालच्या चौतीस नावांपुढे 'वरीलप्रमाणे'च्या दोन-दोन रेघा ओढायची. यात खोटं काही आहे असं तिच्या मनातही यायचं नाही. आपल्याकडे कोण कुणाला साखळदंड घालून बसलंय, असं तिला खरोखर वाटायचं.

त्या यादीतलं पहिलं नाव सदाशिवरावांचं. गट त्यांच्याच शब्दावर उभा राहिलेला. सुपीक काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, दारात ट्रॅक्टर, मुलगा कपिल शेती बघणारा. घरी गेलं की लीलाबाई चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. आणि त्यांच्या कोठ्यावर, म्हणजे गुरांच्या गोठ्यालगतच्या खोलीत, त्यांचा सालदार राहायचा, उत्तमसिंग.

सालदाराचं साल पाडव्याला धरतात, ते पुढच्या पाडव्याला संपतं. उत्तमसिंगचं चार वर्षं झाली तरी संपलं नव्हतं, कारण मुलीच्या लग्नाची उचल अंगावर होती. त्याच्यासोबत त्याची बायको जमनीही तिथेच. सकाळी कोठ्यातलं शेण काढायचं, अंगण झाडायचं, भांडी घासायची, हंगामात कापूस वेचायचा. याची तिला वेगळी मजुरी नव्हती, ते नवऱ्याच्या सालातच धरलेलं. दोघांचं आधार कार्ड आणि रेशन कार्ड सदाशिवरावांच्या कपाटात. कोठ्यात उंदीर कुरतडतील, इथे नीट राहतील, असं ते म्हणायचे.

म्हणजे राखीच्या चित्रांमधलं सगळंच्या सगळं त्या एका कोठ्यात होतं. आणि बाईला ते दिसलं नाही! दिसणार कसं? सालदार म्हणजे घरचाच माणूस, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिचा आजा सालदार होता. म्हणून तिने रजिस्टरात 'बाहेरचे मजूर' या रकान्यात शून्य लिहिलं आणि 'घरचे काम करणारे' या रकान्यात सहा. सदाशिवराव, लीलाबाई, कपिल, त्याची बायको, उत्तमसिंग आणि जमनी.

बरं, ही जमनी तिला परकी असती तर एक वेळ समजलो असतो. ती राखीच्या माहेरच्या तांड्यातली, तिच्या घराला लागूनच घर. राखी तिला काकी म्हणायची. आई कामावर गेली की राखीच्या केसांना तेल लावून वेण्या घालणारी तीच. शेतावर भेट झाली की दोघी गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा बोलीत, गप्पा मारायच्या, आणि लीलाबाई हसून म्हणायच्या, झालं यांचं सुरू, आता आपल्याला काही कळायचं नाही.

नोव्हेंबरात दिल्लीहून तपासणीला एक मॅडम आल्या. साध्या, पायांत बूट, हातात वही. त्यांनी गटातून सदाशिवरावांचंच शेत निवडलं. तिथे जमनी काकी पऱ्हाटीत कापूस वेचत होती, कमरेला कापसाने भरलेली ओटी बांधून. मॅडमनी विचारलं, या कोण? राखीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, घरच्याच आहेत. मॅडमनी काकीच्या पायांतल्या तुटक्या चपलेकडे बघितलं आणि म्हणाल्या, मला यांच्याशी बोलायचंय, त्यांचं बोलणं तुम्ही मला हिंदीत सांगा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कपिल उभा होता, मोबाइलमध्ये डोकं घालून, पण कान इकडे.

मॅडमनी हिंदीत विचारलं, की तुम्हाला वाटलं तर हे काम सोडून जाता येतं का? काकीने मॅडमकडे बघितलं, धुऱ्याकडे बघितलं आणि मग राखीकडे वळून गोरबोलीत बोलायला लागली. एकदा सुरू झाली ती थांबलीच नाही. म्हणाली, माझ्या सोनूला नववा लागला, पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हायला पाहिजे. तिला ढाणकीहून तांड्यावर आणायचं तर मी घरी नको का? महिनाभरापासून सुट्टी मागते, तर वेचणी झाल्याशिवाय पाय काढायचा नाही म्हणतात. मागे नवरा दोन दिवस न सांगता गेला होता, तर मोटरसायकल घेऊन आणायला आले. कार्डं त्यांच्या कपाटात, ती नाही तर पोरीला दवाखान्यात काय दाखवू? आणि शेवटी म्हणाली, तू आपल्या तांड्याची पोर आहेस, या बाईला हे सगळं चांगलं समजावून सांग.

कपिलने मान वर केली होती, पण त्याला अक्षर कळत नव्हतं. म्हणूनच तर काकी गोरबोलीत बोलली. ते सगळं एकट्या राखीच्या हवाली केलं.

 राखीला त्या क्षणी सोनू आठवली नाही, खोटं कशाला बोला. तिला आठवलं रजिस्टरातलं पान. पहिल्या नावापुढचं 'नाही' आणि त्याखालच्या चौतीस जोड रेघा. हे एक उघडं पडलं की सगळंच पडणार. गट जाणार, करार जाणार, सदाशिवराव दारात उभं करणार नाहीत. मॅडम वाट बघत होत्या. राखी हिंदीत म्हणाली, "ये बोल रही है, मालिक लोग घर जैसा रखते है. बेटी की डिलिव्हरी है, उसमें भी मदद करने वाले है."

मॅडमनी लिहून घेतलं. जमनी काकी राखीकडे बघत राहिली, पापणी न हलवता, आणि मग पुन्हा बोंडांकडे वळली. मॅडमनी तिचा फोटो काढला तेव्हाही तिने मान वर केली नाही. राखीने स्वतःची समजूत घातली, काकीला हिंदी कुठे कळते.

परत जाताना गाडीत मॅडमनी पुन्हा विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का, मोकळेपणाने सांगा. दुसरी संधी कुणी अशी ताटात वाढून देतं का? राखीने बोंडअळीचं सांगितलं.

सोनू डिसेंबरात ढाणकीला सासरीच बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप, देवाची कृपा. जमनी काकीने नातीला मोबाइलमध्ये बघितलं. मार्चात पाडवा आला, उत्तमसिंगचं पाचवं साल धरलं गेलं. राखीचाही नवा करार झाला. त्यानंतर ती सदाशिवरावांच्या शेतावर जायची ती काकी दिसणार नाही अशा वेळी. बाई सगळ्या गावाला झापायची आणि एका कोठ्यासमोरून जाताना स्कूटीचा वेग वाढवायची.

जुलैत धम्मदीपने ऑफिसात सगळ्यांना बोलावून मोबाइल पुढे केला. कंपनीचं निवेदन आलं होतं. आनंदाने त्याने एकेक ओळ मराठीत करून सांगितली. यवतमाळ जिल्ह्यात प्रत्यक्ष शेतावर जाऊन, स्थानिक भाषा जाणणाऱ्या कार्यकर्तीच्या मदतीने मजुरांशी बोलणं झालं. मालक घरच्यासारखं वागवतात, असं महिला मजुराने स्वतः सांगितलं. सक्तीच्या मजुरीचं एकही प्रकरण आढळलं नाही. बाजूला फोटो होता. मान खाली घातलेली जमनी काकी, कमरेला ओटी. सगळ्यांनी राखीसाठी टाळ्या वाजवल्या. धम्मदीप म्हणाला, ताई, तुमच्यामुळे आपलं नाव झालं. राखीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर सुनीलने विचारलं काय झालं, तर म्हणाली डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोठ्यावर गेली. सदाशिवराव सगळ्यांना घेऊन कुठल्याशा लग्नाला वणीला गेले होते आणि उत्तमसिंग शेतात कोळपणीच्या डवऱ्यामागे होता. काकी एकटीच कोठा झाडत होती. राखी दारात उभी राहिली आणि गोरबोलीत म्हणाली, काकी, मला तुला एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी त्या बाईला तुझं बोलणं सांगितलं नाही. भलतंच सांगितलं. तुला हिंदी येत नाही म्हणून तुला कळलं नाही.

काकीने झाडणं थांबवलं नाही.

"मले समजलं होतं बाई," ती म्हणाली. "पुण्याले सहा वर्ष बिल्डिंगच्या कामावर होतो आमी. हिंदीच तं बोलत होतो दिवसभर."

राखीला आधी कळेना की नेमकं काय बोचलं. मग लक्षात आलं. काकी मराठीत बोलत होती. जिने हिच्या वेण्या घातल्या ती काकी, तांड्यावरच्या पोरीशी, लीलाबाईंशी बोलावं तसं मराठीत बोलत होती.

"मंग तवाच काहून नाई बोलली तू?" राखीही नकळत मराठीवर आली. "सरळ हिंदीत सांगायचं होतं ना त्या बाईले."

"कपिलभाऊ होते धुऱ्यावर," काकी म्हणाली. झाडू थांबवून म्हणाली, "अन् तुले कशी खोटी पाडू चारचौघांत? आपल्या तांड्याची एक पोरगी नोकरीले लागली."

झाडू पुन्हा सुरू झाला. राखी तिथेच उंबऱ्यावर बसली, शेण-मातीत, चांगल्या कपड्यांनिशी. एकदा पाय धरावे वाटलं, पण तेवढाही हक्क राहिला आहे असं तिला वाटेना. तिने जिच्यावर अन्याय केला, तिनेच आठ महिने हिची अब्रू झाकली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काकीने तेवढीही सोय ठेवली नाही.

मॅडमनी जाताना नंबर दिला होता, आणि कधीही लावा, नाव गुप्त राहील, असं म्हटलं होतं. राखीने आधी काकीला विचारलं, सांगू का, तुझं नाव येईल, चालेल? काकी म्हणाली, यायचं ते येऊ दे. मग राखीने तिथे बसूनच तो नंबर लावला आणि काकीला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा ठेवला. मॅडमनी ओळखलं. राखी हिंदीत सांगत गेली. चार वर्षांचं साल, बायकोला मजुरी नाही, नवऱ्याला पकडून आणलं ते, सोनूचं बाळंतपण. रजिस्टरातले सहा जण आणि ते 'नाही'सुद्धा सांगितलं. 

मग मॅडम म्हणाल्या, "लेकिन उस दिन तो उन्होंने कुछ और कहा था. मैंने खुद लिखा है."

"उन्होंने नहीं," राखी म्हणाली. "मैंने कहा था. उन्होंने यही कहा था, जो अभी बता रही हूँ."

जमनी काकीने झाडू भिंतीला टेकवून ठेवला, पदराला हात पुसले आणि दाराशी आली. मॅडमनी काहीतरी विचारलं, पण राखीचं लक्ष काकीकडे होतं.

"कार्डाचं राह्यलं," काकी म्हणाली. "ते सांग तिले."

मराठीतच म्हणाली.